तामारें ते सुयाक, पायी

शुक्रवार, ४ ऑगस्ट १९७८. फिनिक्स

उद्या निघतो. तामारेंपर्यंत बस, तिथून पुढं किनारा धरून पायी, सुयाकपर्यंत. मराठी मंडळात मी सांगितलं, कोकणातून मजूर म्हणून आल्यापासून चार पिढ्या आपण या बेटावर राहिलो, पण बेट पाहिलं नाही. घरातून उसात आणि उसातून घरात, एवढीच आपली वाट. तेव्हा या सुट्टीत मी दक्षिणेचा किनारा चालून जाणार, वाटेतल्या मराठी घरांत थांबणार, भाषेबद्दल बोलणार. टाळ्या पडल्या. देवळाचे सेक्रेटरी परशुराम यांनी हार घातला.

हे खरं आहे, पण निघण्याचं कारण हे नाही. निदान या वहीत तरी खरं लिहायला हवं. माझी मुलगी विद्यावती त्या किनाऱ्यावर कुठंतरी आहे.

गेल्या नोव्हेंबरात ती गेली. तो माणूस बोटी दुरुस्त करतो. क्रिओल आहे, जुन्या गुलामांच्या वंशातला, ख्रिस्ती आहे. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. सरकारी कचेरीत दोघांनी सह्या केल्या आणि याला ती लग्न म्हणते. होम नाही, सप्तपदी नाही, पाठीशी मामा उभा नाही. मी त्याला लग्न म्हणत नाही. सांगायला ती उंबऱ्यापर्यंत आली होती. मी बराच वेळ बोललो. त्या दिवशी मी चांगलं बोललो असं मला अजूनही वाटतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, आईच्या पाया पडली आणि गेली. नंतर काही कळलं नाही.

बरोबर जयराम येतो आहे. हा माझ्या बायकोचा, कुंतीचा, धाकटा भाऊ. बसवर कंडक्टर होता, आता पेन्शन घेतो आणि लोकांना हसवतो. तो तसाही दक्षिणेला कुणा मित्राकडं निघाला होता. कुंतीनं त्याच्यासाठी पिशवी भरून ठेवली होती. मी म्हटलं, मीही येतो, आणि बसनं नाही, पायी. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. कुंती पुन्हा पुन्हा म्हणाली, "तुमी कशाला?" माझ्या निर्धारानं ती हेलावली असावी.

जयरामचा उपयोगच होईल. पाडव्याला मी मंडळासमोर शपथ घेतली आहे की माझ्या तोंडून क्रिओल बोलीचा शब्द निघणार नाही. तेव्हा विचारपूस तो करील. ती सापडली की मग मी बोलीन. लहानपणापासून विद्या माझ्या बोलण्यापुढं कधी टिकलेली नाही.


शनिवार, ५ ऑगस्ट. रिव्हिएर न्वार

तामारेंची मिठागरं प्रथमच जवळून पाहिली. काळ्या दगडांचे चौकोन, त्यात उथळ पाणी, पाण्यात उलटा डोंगर. बायका पायात रबरी बूट घालून, डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन एका ओळीत चालल्या होत्या. त्यांच्यातली एक आमच्यासाठी थांबली. मराठी होती.

"तुमी फिनिक्सचे किस्नदेव मास्तर ना? पायी निघालाय ते?"

मी म्हटलं, होय. माझं नाव इथवर पोचलं आहे याचं मला बरं वाटलं. तिनं जयरामकडं पाहून पदर तोंडाला लावला आणि पुढं गेली.

"पाहिलंस? मिठागरातल्या बाईलाही ठाऊक आहे," मी म्हटलं.

"तर! दाजी, तुमच्या आधी तुमची बातमी चालतीया," जयराम म्हणाला.

दुपारी समुद्राकाठी काटेरी तार आडवी आली. आत बंगले आणि सुरूची झाडं. पहारेकऱ्याला मी फ्रेंचमध्ये सुनावलं. भरतीच्या रेषेपासून वरची ही पट्टी सरकारची, म्हणजे माझी आणि तुझी. धनी बदलले तरी कुंपण कसं बदलत नाही? तुझ्या आजोबांनी गोऱ्याच्या दारात पहारा केला आणि तूही तेच करतोस? तो शांतपणे ऐकत राहिला. बोलून झाल्यावर त्यानं हातानं उसाकडची वाट दाखवली. आम्ही त्या वाटेनं वळसा घालून गेलो. तोडणी चालू होती. उसाची धारदार पानं हाताला कापत होती आणि समुद्र फक्त ऐकू येत होता.

उजव्या टाचेला फोड आला आहे. मुक्काम जयरामच्या जुन्या ड्रायव्हरच्या घरी. जयराम चौकशी करून आला. विद्याला इथं कुणी पाहिलेलं नाही.


रविवार, ६ ऑगस्ट. काज नोयाल

डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला खारफुटी. तिची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. खाडीत बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून लोखंडी सळईनं ऑक्टोपस टोचत होत्या. काठावर दोरीवर ते ओल्या मोज्यांसारखे वाळत होते. हे सगळं आमच्या घरापासून बसनं दीड तासावर आहे आणि आयुष्यात मी पाहिलं नव्हतं. भाषणांत मात्र "आपली ही रत्नभूमी" असं किती वेळा म्हटलं असेन.

रविवारची प्रार्थना सुटली तेव्हा आम्ही चर्चसमोर होतो. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका पायऱ्या उतरत होत्या. मी एकेकीचं तोंड पाहत उभा राहिलो. ती दिसावी म्हणून पाहत होतो, आणि या घोळक्यात दिसू नये असंही वाटत होतं. शेवटची म्हातारी उतरून गेली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. मी शोधायला निघालो आहे की न सापडायला?

संध्याकाळी जयराम कोळ्यांशी बोलायला गेला. मी लांब उभा राहिलो. तो खूप हसत होता, तेही हसत होते. परत येऊन म्हणाला, "न्हाय म्हणत्यात."

तो नसताना मी त्याची पिशवी उघडली. भूक लागली होती. जुन्या मऊ लुगड्याच्या दोन घड्या, ओवा, शेपा, आणि डब्यात डिंकाचे लाडू. एक तोंडात टाकला. मेथीनं कडू झालेला. तेवढ्यात जयराम आला आणि त्यानं झाकण असं आपटलं की माझं बोट सापडलं असतं.

"दाजी! ते तुमच्यासाठी न्हाईत!"

"मग कुणासाठी? प्रवासात ताकद यावी म्हणूनच तुझ्या बहिणीनं दिले ना?"

"ताकदीसाठीच दिलेत. पण बाप्यांना बाधत्यात. उष्ण असत्यात."

आयुर्वेदात असं काही वाचल्याचं मला आठवत नाही. पण या माणसाशी वाद घालणं म्हणजे वाळूत खांब रोवणं. झोपताना त्यानं विचारलं, "दाजी, विद्या सापडली तर पयलं काय बोलाल?"

"पहिलं वाक्य अजून ठरलेलं नाही."

"वाक्य कशाला लागतंय? जेवलीस का, म्हणा की."

हा थट्टेचा विषय नाही, असं मी त्याला सांगितलं.


मंगळवार, ८ ऑगस्ट. ला गोलेत

काल काही लिहिलं नाही. पाय सुजला होता, चाल थोडीच झाली.

आज सकाळी जयराम टेलिफोन करायला म्हणून चिन्याच्या दुकानात गेला तो तासभर आला नाही. आला तो ओरडतच. दुकानातल्या सगळ्यांना त्यानं केक वाटले. जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याला वाटले, बसची वाट पाहणाऱ्या नर्सला वाटले. मग रस्त्याच्या मध्यावर त्यानं मला मिठी मारली आणि रडू लागला. तोंडाला रमचा वास येत होता. सकाळचे दहाही वाजले नव्हते.

"काय झालं?"

"जिंकलो, दाजी. पत्त्यांत."

"सकाळी? पत्ते?"

"मोठा डाव होता. सगळं सुखरूप झालं."

मी त्याला तिथंच, बसथांब्यावर, दारूबद्दल बोललो. रमच्या पिंपांत मजुरांच्या किती पिढ्या बुडाल्या, ज्या उसानं आपली पाठ मोडली त्याच उसाचा रस आपण स्वतःच्या मजुरीनं परत विकत घेतो, वगैरे. नर्सनं मान डोलावली. जयराम डोळे पुसत हसत होता. "बोला, दाजी. आज काय बी बोला. आज मला समदं गोड लागतंय."

मी थांबलो. इतक्या आनंदी माणसाला बोलण्यात काही अर्थ नसतो.

समोर समुद्रात ते लांबट बेट, त्यावर नारळ. तिकडं बोटी जातात. बोटी दुरुस्त करणारा माणूस इथंच असायला हवा, असं मला वाटलं. प्रत्येक कोरड्या बोटीखाली वाकून पाहिलं. एकाखाली कुत्री पिलांना पाजत होती. ती गुरगुरली.


बुधवार, ९ ऑगस्ट. ला गोलेत

नागपंचमी. पाऊस आणि वारा. पाय जमिनीला टेकवत नाही. दिवसभर पत्र्याखाली पडून राहिलो.

तीस वर्षं बोलतो आहे. मळ्यांच्या फाटकांवर बोललो, देवळांत बोललो, स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतर. लोक म्हणतात, मास्तर बोलले की अंगावर काटा येतो. काटा येतो, मग जातो. मराठीचा वर्ग सुरू केला तेव्हा मुलं बाकांवर मावत नव्हती. आता विद्यार्थी हातावर मोजण्याएवढे, आणि मधल्या सुट्टीत तेही क्रिओलमध्ये भांडतात. कुंपणं जिथली तिथं आहेत. ऊस जिथला तिथं आहे. स्वतःच्या पोटच्या मुलीला मी घरात थांबवू शकलो नाही.

दीपावलीच्या सभेत मी आपल्या मुलींबद्दल बोललो होतो. मूळ विसरलेल्या फांदीबद्दल. माझ्या उत्तम भाषणांपैकी ते एक, आजही लोक त्याची आठवण काढतात. विद्या पहिल्या रांगेत होती. अर्ध्यातच उठून गेली, डोकं दुखतं म्हणाली. त्यानंतर दोन आठवड्यांनी घर सोडलं. भाषण तिनं शेवटपर्यंत ऐकलं असतं तर कदाचित थांबली असती.

असं मला वाटतं. आज तेवढी खात्री वाटत नाही.


गुरुवार, १० ऑगस्ट. बे द्यु काप

ल मोर्नचा कडा सकाळी उजव्या हाताला होता, दुपारी पाठीशी आला, तरी संपेना. पळून आलेले गुलाम इथं वर लपून राहत, असं सांगतात. खाली उभं राहून वर पाहिलं की मान दुखते. मळ्यात पोटाला मिळत होतं, वर तेही नव्हतं. तरी माणसं चढली. हे मी फाटकावरच्या सभांत अनेकदा वापरलं आहे. आज वापरायला कुणी नव्हतं, नुसतं पाहिलं.

कड्याला वळसा घातला की वारा बदलतो. दक्षिणेचा वारा खारट आणि थंड, टोपी राहू देत नाही. रस्ता एका खडकाला चिकटून समुद्रावर येतो आणि लाटांचे तुषार अंगावर पडतात. जयराम पुढं पुढं धावत होता. मी लंगडत होतो.

"एवढी घाई कसली?"

"चांगलं बिछाने मिळत्यात आधी पोचलं की."

या गावात मराठी घरं थोडी, बाकी क्रिओल. आम्ही भगवतीबाईंकडं उतरलो. वय सत्तरच्या वर, काटक, बोलताना कमरेवर हात. पंचक्रोशीतल्या बायांची सुटका हिच्याच हातानं होते, असं जयराम म्हणाला. मराठी, क्रिओल, चिनी, कुणाचीही. तिनं मला ओट्यावर बसवलं, न विचारता माझे बूट काढले आणि टाचेला तेल चोळलं. हाताला हळदीचा आणि वेखंडाचा वास होता.

"लेकीला शोधताय म्हनं."

मी जयरामकडं पाहिलं. हे गुपित होतं. तो आभाळ बघत होता.

"होय."

"घावली तर?"

"घरी नेईन."

"एकलीला?"

"म्हणजे?"

"म्हंजे, तिचा दादला हाय. तिचं जे काय असंल ते हाय. समद्यांना न्याल, का एकलीला?"

मी सांगितलं, मी त्याला लग्न मानत नाही. सह्या तर आपण रेशनच्या दुकानातही करतो. धर्म, भाषा, कूळ ही काय पावसाळी चप्पल आहे, उंबऱ्याबाहेर काढून ठेवायला? मी बोलत गेलो. ती तेल चोळत राहिली. शेवटी तिनं माझा पाय हळूच खाली ठेवला आणि हात पुसले.

"उद्या सांजच्याला बोला मास्तर, हितं अंगणात. चार मानसं बोलावते. पन जरा मवाळ बोला. वारं हाय, गावात आजारी-बिजारी बाया हायती."

जयराम अंधार पडायच्या आत पिशवी घेऊन शेजारच्या घरी गेला. तिथं त्याचा मित्र असतो म्हणे.


शुक्रवार, ११ ऑगस्ट. बे द्यु काप

सकाळभर जयराम माझ्या मागं लागला होता.

"दाजी, आज असं बोला, की ऐकनाऱ्याला घरला परतावंसं वाटंल."

"कोणाला परतायचं आहे?"

"असंल कुनीतरी. घरापासून लांब असलेलं कुनीबी. विद्याच्या लहानपनीचं सांगा की. तुमी तिला खांद्यावर घिऊन नदीला जायचा ते."

"ते काय भाषणाचे विषय आहेत?"

"आज असू द्या."

मला त्याचं नवल वाटलं. पण म्हटलं, कधी नव्हे तो हा माझ्या बोलण्यात रस घेतो आहे.

संध्याकाळी अंगणात पंधरावीस माणसं. बाया भिंतीला टेकून, काही क्रिओल शेजारीही मागं उभे. त्यांना मराठी किती कळत होतं देव जाणे. शेजारचं पत्र्याचं घर अंगणाला लागूनच, त्याची खिडकी उघडी, आत दिवा नव्हता. मी खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो, कारण वारा पाठीवर घ्यायचा होता.

आणि खरंच, मी विद्यापासून सुरुवात केली. का ते माहीत नाही. आठवडाभराचा थकवा असेल. म्हटलं, माझी एक मुलगी आहे. ती चार वर्षांची असताना मी तिला नदीवर नेत असे. ती माझ्या खांद्यावर बसून माझे कान धरायची, उजवा ओढला की उजवीकडं वळायचं, डावा ओढला की डावीकडं. मी घोडा होतो. त्या वयात मी तिला काही शिकवत नव्हतो, तीच मला वळवत होती. असं बोलत असताना माझा आवाज बसला. असं माझं कधी होत नाही. जयरामनं मान खाली घातली होती. भगवतीबाई खिडकीजवळ गेल्या आणि तिथं उभ्या राहिल्या. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. ते काय होतं हे आता आठवत नाही, मघापासून आठवून पाहतो आहे.

तेवढ्यात त्या खिडकीतून तान्हं मूल रडू लागलं. बारीक, चिरका आवाज, अगदी कोवळ्या मुलाचा. रडतच राहिलं. बोलण्याचा धागा तुटला. समोरच्या बायका वळून वळून खिडकीकडं पाहू लागल्या. वक्त्याला दुसरं काही चालेल, श्रोत्यांच्या पाठी चालत नाहीत. मी मोठ्यानं म्हटलं, "ते मूल आत न्या कुणीतरी. ती खिडकी लावा."

मग आतून कुणीतरी झडप ओढून घेतली. हळूच, आवाज न करता.

मग मी माझ्या नेहमीच्या वाटेवर आलो. आवाजही परत आला. फांदीबद्दल बोललो, मुळाबद्दल बोललो, जी मुलगी घर सोडते तिच्यामागं घराची भिंत पडते असं बोललो. मोकळ्या हवेतही शेवटच्या माणसापर्यंत पोचलो. पण टाळ्या पडल्या नाहीत. कोकणी रीतीचे लोक आहेत, टाळ्यांची सवय नसेल.

माणसं पांगली. मी भगवतीबाईंना विचारलं, कसं वाटलं?

"आवाज मोठा हाय तुमचा," त्या म्हणाल्या. "पार घरात ऐकू गेला."


शनिवार, १२ ऑगस्ट. बेल ऑम्ब्र

जयराम परत गेला.

सकाळी उठलो तेव्हा तो बसच्या रस्त्यावर उभा होता. पिशवी हातात, रिकामी, घडी घातलेली. म्हणाला, आता पुढं जाऊन उपेग न्हाय.

"उपयोग नाही म्हणजे? अजून सुयाक आहे. रिव्हिएर दे गाले आहे. ती तिथं असेल."

"न्हाय तिथं."

"तुला काय ठाऊक?"

तो बसच्या दिशेनं पाहू लागला. रात्रभर झोपला नव्हता असं दिसत होतं. बस आली. दरवाज्यात चढून तो वळला. "येतो मास्तर," म्हणाला. तीस वर्षांत यानं मला दाजीशिवाय हाक मारलेली नाही.

शेजारच्या पत्र्याच्या घराची खिडकी आजही बंद होती. दारात एक तरुण क्रिओल रंध्याची धार तपासत बसला होता. मी निघालो तेव्हा उभा राहिला. काही बोलेल असं वाटलं. मी मान हलवली, त्यानंही हलवली.

एकटा चाललो. बेल ऑम्ब्रचा ऊस डोंगरापासून थेट समुद्रापर्यंत उतरतो. ट्रकमधून पडलेल्या उसाच्या कांड्यांवर चाकं फिरून रस्ता चिकट झाला आहे. माणूस दिसत नाही, ऐकू येतात ते कोयते.


रविवार, १३ ऑगस्ट. सुयाक

शपथ मोडली.

गावाच्या टोकाला, ग्री-ग्रीला, प्रवाळाची भिंत संपते. इतर किनाऱ्यांवर समुद्र लांबवरच फुटतो आणि काठाला दमून येतो. इथं तो सरळ येऊन काळ्या कड्यावर आदळतो. पायाखालची जमीन हलते. मी तिथं उभा राहून विचार केला, किनारा इथं संपला, माझा शोधही संपला, आणि मी अजून कुणालाही, एकाही माणसाला, स्वतःच्या तोंडानं विचारलेलं नाही.

कड्यावर एक बाई तळलेले मिरचीचे वडे विकत होती. मी तिच्यासमोर गेलो आणि क्रिओलमध्ये विचारलं. लहानपणी मळ्यात बोलायचो ती क्रिओल, अडखळत आली, पण आली. म्हटलं, मी माझ्या मुलीला शोधतो आहे.

"कशी आहे दिसायला, साहेब?"

मी म्हटलं, उंच. फार उंच नाही. सावळी. केस लांब, किंवा आता कापले असतील. चष्मा आहे का? विचारलं तिनं. मला चटकन सांगता येईना. वाचताना लावते बहुधा. हसते कशी? कुठं काही खूण? मी खूप प्रयत्न केला. तिचे लहानपणचे कान धरणारे हात आठवले. पहिल्या रांगेतून उठून जाणारी पाठ आठवली. चेहरा असा सांगता येईना, की अनोळखी माणसानं रस्त्यात ओळखावा.

बाईनं कागदात दोन वडे बांधले आणि पैसे घेतले नाहीत. "बसा, बाबा, वारा फार आहे," म्हणाली. मी बसलो. हजार माणसांपुढं उभा राहतो मी. त्या बाईपुढं माझ्याकडं एक वाक्य नव्हतं.

दुपारच्या बसनं परत.


सोमवार, १४ ऑगस्ट. फिनिक्स

श्रावणी सोमवार. आज देवळात अभिषेक आणि त्यानंतर माझं प्रवचन ठरलेलं होतं. काल उशिरा घरी पोचलो. कुंतीनं वाढलं, काही विचारलं नाही. मला वाटलं होतं ती विचारील, सापडली का? मीच म्हणालो, सापडली नाही. "जेवा," म्हणाली.

सकाळी आंघोळ करून देवघराकडं वळलो. समईला हात घालणार तोच ती मधे येऊन उभी राहिली.

"देवाला हात लावू नका."

"का?"

"सोयर हाय आपल्याला."

मला आधी समजलंच नाही. कुणाचं, असं विचारलं.

"विद्याचं. मंगळवारी पहाटं मोकळी झाली. वाटंत तुमाला ठाऊक नव्हतं, तवर चाललं. आता मी सांगितलं."

मी काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी नियम काढला. सासरी गेलेल्या मुलीचं बाळंतपण तिकडं झालं, तर माहेरच्यांना दहा दिवसांचं सोयर नसतं, असं काहीतरी म्हणालो. देवळात लोक येऊन मलाच हे विचारतात. नियम मला पाठ आहेत.

कुंती शांतपणे म्हणाली, "सासरी गेलेल्या लेकीचं. पन लगीन झालंच न्हाय म्हनता ना तुमी? मग ती अजून या घरची. पुरं धा दिवस."

माझ्या आयुष्यात अशी वेळ आलेली नव्हती, की समोरच्यानं माझंच म्हणणं माझ्यासमोर ठेवावं आणि मला ते ना उचलता यावं, ना खाली टाकता यावं. लग्न झालं म्हणावं तर देवळाची वाट मोकळी होती. नाही म्हणावं तर मूल या घरचं होतं. ती वाट पाहत राहिली. तिला उत्तर हवं होतं असं नाही. आणखी काहीतरी हवं होतं.

आणि मग मला ती खिडकी आठवली.

बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. परशुराम दारात आले. नवं धोतर, कपाळाला गंध, हातात फुलांचं तबक. "गुरुजी, चला! लोक खोळंबलेत. तुमच्या पदयात्रेचं ऐकायला मोंतान्य ब्लांशहून माणसं आलीत."

मी उंबऱ्यात उभा होतो. मागं कुंती. म्हणालो, "मला येता येणार नाही." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हणालो, "घरात सोयर आहे."

परशुरामांचा चेहरा क्षणभर कोरा झाला आणि मग उजळला. माणसं या शब्दावर जशी उजळतात तसाच. तबक त्यांनी डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हातानं माझा खांदा धरला.

"अरे वा, गुरुजी! काय झालं, मुलगा की मुलगी?"

मला ठाऊक नव्हतं. मी मागं वळून पाहिलं. कुंती आत निघून गेली होती. परशुराम दारात हसत उभे होते, माझ्या तोंडाकडं पाहत.